आत्याच्या दारावरनं

सायकलीचा रूट आखाय बसलो की मला भूक लागत न्हाई, झोप लागत न्हाई, नुसतं बोलाय लागतं. सांगलीत रूमवर आमी पाच जणं, पाचही सायकलवाले, आन् रूट आखायचं काम माझ्याकडं. ह्या बारीचा रूट तर असला भारी व्हता की ग्रुपवर टाइप करताना बोटं थांबत नव्हती. भल्या पहाटे साताऱ्यातनं निघायचं, मेढा, केळघरचा घाट चढून महाबळेश्वर, तिथनं तापोळ्याला खाली सुटायचं, सायकली लाँचवर टाकून कोयनेच्या पाण्यातनं बामणोली, मग कासचा चढ आन् परत साताऱ्यात खाली. एका दिवसात अख्खा गोल! नकाशा टाकला, चढ-उताराचं चित्र टाकलं. ते करवतीच्या दातावानी दिसत व्हतं. एकजण म्हणला, "गड्या, हे बघूनच पाय दुखाय लागलं."

अडचण एकच. अंधार पडला की लाँच बंद. त्याच्या आत पाणी वलांडलं न्हाई तर गोल तिथंच तुटला. म्हणून मी वाटंतलं थांबणं कमी कमी करत आणलं, आन् तसं करता करता ध्यानात आलं की मेढ्याच्या पुढं, घाटाच्या पायथ्याला, अगदी रस्त्याला लागून आत्याचं घर हाय.

आत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. कडेगावच्या उसाच्या रानातली पोरगी जावळीच्या डोंगरात दिलेली. तिकडं आमचं जाणं लग्नाला न्हाईतर मयताला. पण गेलं की आधी चहा, मग "भाकरी टाकते, दोन मिनिटं बस," मग कुणाला तरी कोंबडी धराय धाडणार, आन् न्हाई म्हणलं की तोंड एवढंसं करणार. दोन तास गेलेच. वर भरल्या पोटानं केळघरचा घाट कोण चढणार?

पोरांना सांगितलं, "ह्या गावात कुणी थांबायचं न्हाई. माझी आत्या हाय तिथं. मान खाली घालायची आन् पॅडल मारायचं. हेल्मेट, चष्मा असला की वळखायची न्हाई."

"सख्खी आत्या?"

"सख्खीच."

"लेका, लय नालायक हाईस," एकजण म्हणला, आन् समदी हसली. मी बी हसलो.

दुसऱ्या दिवशी तापोळ्याच्या एका लाँचवाल्याचा नंबर मिळाला. लगेच लावला.

"मामा, पाच सायकली न्याल का बामणोलीला?"

"सायकली काय, म्हशी नेल्यात म्या. कुठली तुमी?"

"सांगलीत असतो. मूळचा मी कडेगावचा."

"बरं. कवा पोचताय?"

हितं येळ सांगून फोन ठेवायचा का न्हाई? पण मी रंगात आलेलो. म्हणलो, "दिवस मावळायच्या लय आधी, मामा! प्लॅनच तसा केलाय. घाटाखाली माझी आत्या ऱ्हाती, तिथं सुदिक थांबणार न्हाई. थांबलो तर जेवायला बसवंल, गेले दोन तास. तिनं बघायच्या आत पसार व्हायचं!"

तो हसला न्हाई. मागं इंजिनाचा आवाज येत व्हता.

"कुणाच्यात दिलीया आत्या?"

मी आडनाव सांगितलं. गिरणीच्या शेजारचं घर, म्हणून खूण बी सांगितली.

"ती माझी वहिनी," तो म्हणला. "थोरल्या भावाची." मग म्हणला, "या. लाँच हाय." आन् ठेवला.

सांजच्याला आत्याचा फोन आला. पहिल्यांदा मी तो वाजू दिला. परत आला, तवा उचलला.

"आरं, दीर सांगत व्हतं, सायकलीवर येणार हायसा म्हणून."

"व्हय आत्या, ते काय झालं…"

"न्हाई, न्हाई, थांबू नगा. घाई असती तुमची, मला काय कळत न्हाई व्हय? मी काय म्हणते, मी रस्त्यावरच येऊन उभी ऱ्हाते. पाच पिशव्या भरते, भाकरी आन् शेंगाची चटणी. सायकल थांबवूच नगा, नुसती हळू करा. मी हातात देते. येळ जायचा न्हाई तुमचा."

माझं कान तापलं. दिरानं तिला किती सांगितलं असंल, "पसार" बी सांगितलं असंल का, मला काय इचारवंना.

"फकस्त टोपीचा रंग सांग," ती म्हणली. "समदी सारखीच दिसता त्यात. तुला वळखू कशी?"

आन् मी रंग सांगितला! घरी येतो म्हणायचं सोडून म्हणलो, "लाल."

"बरं. लाल," ती म्हणली आन् फोन ठेवला.

पोरांना सांगितलं तर ह्या बारीला कोण हसलं न्हाई. एकजण म्हणला, "थांबू की गड्या. लाँच गेली तर गेली." तर मी त्याच्यावरच खेकसलो. लाँच गेली तर गोल कसा हुईल? एवढं झाल्यावर बी माझ्या डोक्यात गोलच व्हता. त्याची लाज आत्ता लिहिताना वाटती, तवा नुसता राग आलेला.

मग नकाशा उघडून बसलो. आन् दिसलं, की गोलाला कुठं तोंड असतंय? साताऱ्यातनंच कशाला निघायचं? आदल्या दिवशी सायकली टेम्पोत घालून आत्याकडं जायचं, जेवायचं, झोपायचं, उजाडायला घाटाला लागायचं आन् फिरून रातच्याला तिच्याच दारात.

लगेच फोन लावला. "आत्या, आदल्या दिवशी मुक्कामाला आलो तर चालंल का?"

ती बारीक आवाजात म्हणली, "मुक्कामाला? पाच जणं?"

"व्हय."

"आवं, ऐकलं का!" ती आत वरडली. "कडेगावचं मुक्कामाला येणार हाय!" मग मला म्हणली, "माझ्यापायी एवढा रस्ता वाकडा केलास व्हय रं?"

रस्ता वाकडा कुठं झालेला? उलट घाट थंडाव्यात निघणार व्हता, ताज्या पायांनी, आन् लाँचला येळ बी जास्तीचा मिळणार व्हता. एवढं खरं सांगून टाकायचं. पण मी म्हणलो, "त्यात काय, आत्या."

ती फोन न ठेवताच कुणाला तरी सांगाय लागली, पोरानं माझ्यासाठी समदा बेत फिरवला म्हणून. एकदा सांगितलं, परत दुसऱ्याला सांगितलं. मी आपला ऐकत बसलो. तिनं ठेवल्याबिगर मला फोन ठेवता येईना.