गाळलेलं पिंपळगाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला तरी का सांगतोय? — तो एक गोळा अजून डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून असेल.

जालन्याच्या एका कॉलेजात मी संगणकावर रेणूंचा अभ्यास करतो. पाण्यात काही स्निग्ध रेणू सोडले, की ते आपोआप एकमेकांना बिलगतात आणि आतून पोकळ असा गोळा तयार होतो. त्यांना सांगतं कोण? या प्रश्नानं मला पहिल्यापासून वेड लावलंय. अशा गोळ्यात औषध भरता येतं. म्हणून तो नीट बंद होतो का, हे बघायचं.

रेणूंची सुरुवातीची मांडणी बदलून मी तेच गणित पाच वेळा चालवलं. ओळखायला नावं दिली आपल्याकडची — मंठा, अंबड, परतूर, भोकरदन. पाचव्याला माझ्या गावाचं, कुंभार पिंपळगाव.

चार गोळे बंद झाले. पिंपळगावचा झाला नाही. त्याचं तोंड मिटायचं, पुन्हा उघडायचं — मासा पाण्यात करतो तसं. मी दोन दिवस नुसता बघत बसलो. काय चाललं होतं त्याचं?

आणि मग — मग मी संशोधनाच्या लेखात लिहिलं, ‘प्रत्येक वेळी गोळा बंद झाला.’ पाचवी फाइल पुसून टाकली. घरातला पहिला पदवीधर मी. छापून आलेल्या लेखाचं पहिलं पान वडिलांनी लॅमिनेट करून भिंतीला लावलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही.

एवढंच असतं तर —

पुढे वैशाली आली. रोज मंठ्याहून एसटीनं येणारी, माझ्या हाताखाली संशोधन करणारी. माझ्या जुन्या फाइलींची नावं वाचून हसली.

“सर, मंठा घेतलं, अंबड घेतलं, अन् सोताचं गावच गाळलं का? पिंपळगाववाले जाब विचारतील बरं!”

नाव फार लांब होतं, म्हणालो.

काही महिन्यांनी तिचा एक गोळा उघडा राहिला. तोच — मिटणारा, उघडणारा. मी बघताक्षणी ओळखला. हरवलेलं माणूस बाजारात अचानक दिसावं तसा आनंद झाला, खोटं कशाला सांगू?

“सर, तुमचे तर सगळे बंद झाल्ते. माझंच काही चुकून राह्यलं का?”

“चुकलंच असेल,” मी म्हणालो. “पुन्हा बराबर तपास.”

तिनं तपासलं. कित्येक आठवडे, एकेक आकडा. चूक सापडेना, तेव्हा तिनं स्वतःलाच चूक ठरवलं. “मला हे न्हाई जमत, सर,” म्हणाली आणि संशोधन सोडून गेली. आता मंठ्यात शिकवण्या घेते. जाताना वही माझ्याकडे जमा केली. तिच्यात त्या गोळ्याचं पेन्सिलनं काढलेलं सुरेख चित्र आहे, उघड्या तोंडासकट. खाली लिहिलंय — ‘माझी चूक’.

तो मिटत का नव्हता, मला अजून माहीत नाही. चूक तिची नव्हती, एवढं माहीत आहे. तेव्हाही होतं.