न झिजलेले टायर

आमच्या म्युनिकच्या गल्लीतला सायकलवाला आधी फडक्याला हात पुसतो, मगच बोलतो. बायकोला इटलीतल्या सपाट रस्त्यांवरून सायकलने फिरवायचं वचन देऊन मी दोन सायकली घेतल्या. दरवर्षी त्याच्याकडून तयार करून घेतल्या आणि दरवर्षी कामापायी बेत मोडला. त्याला मात्र "इटलीतलं फेरारा शहर सुंदर आहे" असं खोटंच सांगत आलो.

यंदा त्याने टायरवरून बोट फिरवलं. नव्या टायरवरचे रबराचे बारीक केस तसेच होते.

"आल्झो... तर मग, आधी मळवून आणा," एवढंच म्हणून त्याने सायकली परत दिल्या.

शरमेने मान वर होईना. दुकानाबाहेरूनच ऑफिसला रजा कळवली, मोबाइलवरच आणखी एक काम उरकलं, मग बायकोला फोन केला.

"आपण इटलीला निघतोय."

"अहो, दरवर्षी निघतोच की!"

"या वेळी तिकिटं काढूनच फोन करतोय."