समोरच्या दारानं

अकोल्याच्या जुन्या शहरात, गंगूबाईंच्या गल्लीत, घरकुल मंजूर होणं सोपं. ते बांधून होईपर्यंत राहायचं कुठं, हे अवघड. जागा तेवढीच. आधी जुनं मातीचं घर पाडायचं, मग तिथंच नवं उभं करायचं. तोवर शेजारी ओसरी देतात, अशी गल्लीची रीत.

गंगूबाईंच्या वेळी ती मोडली. मोर्णा नदीच्या पुरानं भिंती फुगलेलं त्यांचं घर पाडलं, तेव्हा समोरच्या ओमप्रकाशची ओसरी रिकामी होती. गंगूबाई फुलांचे हार विकत.

"वहिनी, तुमच्या झेंडूचा सडका वास येते. दुसरीकडं पाहा," असं म्हणून त्यानं दार लोटलं.

गंगूबाई आणि त्यांचे यजमान वामनराव यांचा पावसाळा ताडपत्रीखाली गेला. वामनरावांना खोकला लागला, छातीत उतरला आणि नव्या घराचा स्लॅब टाकायच्या आधीच ते गेले. फुप्फुसं आधीपासूनच कमजोर होती, असं डॉक्टर म्हणाले. गंगूबाईंनी ऐकून घेतलं, मानलं नाही.

घर मात्र त्यांनी पक्कं करून घेतलं. पुराच्या खुणेवर जोतं नेलं, भिंतींत सिमेंटचे पट्टे भरले. इंजिनिअरनं दार बाजूच्या बोळात सुचवलं, तर म्हणाल्या, "दार त्या ओमप्रकाशच्या दारासमोरच पायजे." ताडपत्री घडी करून माळ्यावर ठेवली. गिऱ्हाइकाला दोन फुलं वरून घालणारी ही बाई. तिच्या पोटात राग असा दम धरून बसला असेल, हे कोणाच्या ध्यानातही आलं नसतं.

यंदा ओमप्रकाशला घरकुल लागलं आणि त्याचं घर पाडलं. गल्लीत आणखीही घरं पाडलेली. ओसऱ्या सगळ्या भरलेल्या. त्यानं बायकोला, आशाबाईला, पुढं केलं.

"मले लाज वाटून राहिली, गंगूबाई, पण..."

"तू ये व. गादी आन, भांडे आन. तवा नवऱ्याच्या चोरून चहा आनून देत होती तू, मी इसरली नाई."

"अन हे?"

गंगूबाईंनी माळ्यावरून ताडपत्री काढली. "त्याले हे दे. वामनरावाले पुरली, त्याले बी पुरन."

मग त्या रोज दारात बसून हार ओवू लागल्या. समोर पाडलेल्या जागेवर ओमप्रकाश ताडपत्रीचे कोपरे दगडांखाली दाबत असे. येणारेजाणारे विचारत, "काय भाऊ, हवा चांगली येऊन राहिली ना बंगल्यात?" त्या दिवसांत गंगूबाईंना दोन घास जास्त जात.

एका दुपारी पावसानं झोडपायला सुरुवात केली. आशाबाई उशी काखेत मारून निघाली.

"कुठं चालली?"

"त्याहिच्यापाशी. कालपासून खोकून राहिले. तुमी नाई का बसल्या होत्या वामनभाऊपाशी?"

गंगूबाईंच्या हातातला दोरा थांबला. पावसाच्या आवाजातूनही त्यांनी तो खोकला ओळखला. खोल, ओला.

"मरून सुटन काय तो?" त्या उसळल्या. "असा नाई सोडत मी त्याले. आन आत. पण लपूनछपून नाई. समोरच्या दारानं, लोकं पायतीन असं."

लोक ओट्यांवर उभे होतेच. ओमप्रकाश निथळत पायऱ्या चढला, उंबऱ्याशी अडखळला. कोणी हसलं नाही. गंगूबाईंनी टॉवेल दिला, काढा दिला, कोरड्या चटईवर बसवलं. समोरच्या भिंतीवर वामनरावांचा फोटो होता. मग झेंडूची टोपली त्याच्या पुढ्यात सरकवली आणि सुईदोरा हातात दिला.

"ओव."

"मले नाई येत, वहिनी. कोणाचा हाय हार?"

"समोर पाय."

त्यानं पाहिलं, मान खाली घातली. बोटांना सुई टोचत, मधेमधे खोकत, दिवेलागणीपर्यंत त्यानं हार ओवला. मग पुढं केला.

गंगूबाईंनी हार उजेडात धरून नीट पाहिला. मग गाठ सोडून दोरा ओढला. फुलं त्याच्या मांडीवर घरंगळली.

"सैल हाय," त्या म्हणाल्या. "पुन्हा ओव."