सोलरची खंडेनवमी

खंडेनवमी जवळ आली की माझी झोप उडते. इथे कानडी मुलखात तिला आयुधपूजा म्हणतात. आमच्या चामराजपेटेत त्या दिवशी शिलाई मशीनपासून रिक्षापर्यंत सगळं धुऊन पुजतात. गच्चीवर सोलर बसल्यापासून माझ्या वडिलांनी, अप्पांनी, त्यालाही पूजेत घेतलंय.

अप्पांची सत्तरी कधीच उलटली. पॅनेल जिन्याच्या खोलीवर, कठडा नसलेल्या छपरावर. एरवी धुवायला माणूस येतो, पण पूजेच्या सकाळी अप्पांना दुसऱ्याचा हात चालत नाही. सोवळं नेसून ओल्या पायांनी शिडीवर! बघूनच माझं डोकं फिरतं.

गेल्या वर्षी आदल्या दिवशी मी विमावाल्याला फोन लावला. "पॅनेलला सगळं आहे अक्का. वारा, आग, चोरी," तो म्हणाला.

"आणि वर चढणारा माणूस?"

"तो यात येत नाही. अप्पांच्या वयाला नवीन अपघात विमा आमच्याकडे नाही."

फोन ठेवून मी घरभर येरझारा घालत राहिले. काच फुटली तर भरून मिळेल. माझा बाप पडला तर? स्वयंपाकात लक्ष लागेना, दोनदा दूध उतू गेलं.

संध्याकाळी मार्केटमधून खांद्या-मांड्यांत अडकवायचा पट्टा आणि जाड दोर आणला. अप्पांनी हातसुद्धा लावला नाही. "सोवळ्यावर असलं काहीबाही घालायचं? वेड लागलंय का तुला?" मी भांडले, रडले. म्हातारा ढिम्म.

पहाटे उठून मी पट्टा धुतला, देवापुढे पाटावर मांडला, हळदकुंकू वाहिलं. कोयता, पाने, पक्कड पुजत अप्पा तिथवर आले आणि थांबले.

"हेही आयुधच," मी म्हटलं. "आता विटाळ कसला?"

"पुजलेलं आज वापरत नाहीत."

"मग शिडीलाही कुंकू लावलंय मी. चढा बघू कसे!"

अप्पांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग हसू फुटलं त्यांना. "सरी, सरी. आण इकडे."

सोलरचा स्विच बंद केला, अप्पांना पट्टा अडकवून दोर पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधला. पाणी मारून झालं, पुसून झालं. शेवटच्या पॅनेलला कुंकू लावायला अप्पा वाकले आणि त्यांचा पाय सटकला. दोराला हिसका बसला. एक पाय छपराबाहेर लोंबकळत होता. मी दोन्ही हातांनी दोर धरला.

"पॅनेल फुटलं नाही ना ग?" वरून अप्पांनी विचारलं.

"त्याचा विमा आहे हो अप्पा!" मी किंचाळले. "तुमचा नाही!"

दोर धरून ते हळूहळू खाली आले. मी पट्टा सोडवायला गेले, तर म्हणाले, "राहू दे. स्वल्प बसतो असाच." पट्ट्यासकट ते पायरीवर बसले. खांबावरचा दोर मी सोडला, पण त्याचं टोक किती तरी वेळ माझ्या मुठीतच होतं.