देवासाठी मांडलेला पाट

रत्ना, लग्नानंतर मी ठाण्याला निघाले तेव्हा सर्व्हिस मोटारच्या स्टँडवर मला निरोप द्यायला सगळं घर आलं होतं. आप्पांनी मोटारीच्या चाकापाशी उभं राहून लांबलचक प्रार्थना केली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, पण आप्पांच्या प्रार्थनेतले बायबलातले इस्राएल लोक काही समुद्र ओलांडेनात. मी डोळे घट्ट मिटून, देव आता तरी जवळ आल्यासारखा वाटेल म्हणून वाट बघत होते. आणि तू, माझी धाकटी बहीण, डोळे उघडे ठेवून माझं गाठोडं आत सरकवता सरकवता म्हणालीस, "देवा, आक्काला मोटार लागते, तिला खिडकीशी बसव हां." मला खिडकी मिळाली. नगर येईपर्यंत गार वारा लागत होता आणि आतून माझा नुसता जळफळाट चालला होता.

बायका एकमेकींच्या लुगड्यांवर जळतात. मी तुझ्या देवावर जळायचे. आपण दोघी एकाच घरातल्या, एकाच मिशनच्या शाळेत शिकलेल्या. आप्पा दोघींनाही सांगायचे, "देव हा रविवारचा पाहुणा नाही, घरातलं माणूस आहे. दळताना, सारवताना त्याच्याशी बोलत जा." स्तोत्रं मला जास्त पाठ होती. नाताळात बक्षीस मला मिळायचं. पण तू जात्यावर बसलीस की समोर बसून कुणीतरी खुंटा धरलाय असं वाटायचं, आणि मी बसले की नुसतं जातं. जेवताना प्रभूसाठी एक जास्तीचा पाट मांडायची आपल्याकडे आजीपासूनची रीत. मीही तो न चुकता मांडायचे. तू मात्र मांडण्याआधी पदराने पुसायचीस. ते पुसणं बघून माझ्या पोटात दुखायचं.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत माझं लग्न झालं. यांना ठाण्याच्या एका कारखान्यात नोकरी होती, बिऱ्हाड कोपरीला. तुम्हाला सोडून जाताना मी रडले ते खरंच होतं. पण मनात एक हिशेबही होता, तो आज सांगते. तिथे रत्ना नाही. तिथे देवाला माझ्यावाचून दुसरं आहे कोण?

चाळीतली खोली एवढीशी की दोघं जेवायला बसलो तर दार लावता येत नसे. तरी मी तिसरा पाट मांडायचे. मागे खाडी आणि मिठागरं, त्यामुळे ओले कपडे वाळून पुन्हा दमट व्हायचे. चूल गेली, स्टो आला. जोंधळ्याची भाकरी गेली, रेशनचा खडे असलेला तांदूळ आला. मी तुझ्यासारखं बोलायला लागले. "प्रभू, स्टोची पिन मोडली." "प्रभू, आज नळाला पाणी नाही." मोठ्याने, तुझ्याच सुरात. नाताळच्या नाटकात काम केल्यासारखं वाटायचं, आणि पुढ्यात बघणारं कुणीच नाही.

शेजारी हिराबाई राहायची. ती इथलीच, नवरा मिठागरावर. तिला भिंतीपलीकडून माझी दिवसभराची बडबड ऐकू जायची, आणि येता-जाता तिसरा पाट दिसायचा. एक दिवस ती वाडगा घेऊन दारात उभी.

"गो, तुजे घरान म्हातारा हाय ना? कवा भायेर दिसत नाय. त्याला पेज आनली."

मी शरमेने लाल. आमच्यात कोणी म्हातारा नाही, तो पाट आमच्या देवाचा आहे, त्याच्याशीच मी बोलते, असं कसंबसं सांगितलं. मला वाटलं, हसेल. तिने पाटाकडे बघितलं, वाडगा त्यावर ठेवला.

"मंग कं झाला? देवाला पन पेज चालंल."

आणि तिथेच उकिडवी बसून पाटाला म्हणाली, "बाबा, माजे मालकाचे पाय मिठान फुटलेत. जरा बग." उठली, पदर झटकला आणि गेली. जाताना तिचा चेहरा तुझ्यासारखा होता, रत्ना. अगदी तुझ्यासारखा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोली माझी, पाट मी मांडलेला, स्तोत्रं माझी पाठ, आणि हा आला तो हिराबाईसाठी. मी तांदूळ निवडायला घेतले आणि त्याच्यावरच सुरू झाले. बरा आहेस तू. तिथे रत्ना, इथे ही. एवढ्या लांब मी काय तुझी दुसऱ्यांशी गाठ घालून द्यायला आले? भांडी घासताना तेच, धुणं वाळत घालताना तेच. लहानपणापासूनची गाऱ्हाणी निघाली. तुला सांगायला हरकत नाही, त्यात तुझी निंदाही बरीच होती. संध्याकाळी हे कामावरून आले आणि दारातच थबकले.

"कोणावर एवढी चिडलीयस?"

मी सांगायला तोंड उघडलं तेव्हा कुठे ध्यानात आलं. दिवसभर मी ज्याच्यावर चिडले होते तो आहे की नाही, हे बघायला मी एकदाही थांबले नव्हते.

आता बरीच वर्षं झाली. नगरकडची आपली आणखी घरं कल्याण-डोंबिवलीला आली आहेत. भजनाला जमलो की नव्या सुना विचारतात, इथल्या धावपळीत देव जवळ कसा ठेवायचा. मी त्यांना आप्पांचं वाक्य सांगते, ते शोभून दिसतं. खरं ते तुलाच लिहिते. गावी आले की मी अजून हात जोडून, आवाज खाली ठेवून, चांगल्या मुलीसारखी प्रार्थना करते, आणि शेजारी तू त्याच्याशी पीठ मळता मळता बोलतेस, तेव्हा मला अजून मिरच्या झोंबतात. परत आले की पायातल्या चपला काढायच्या आत त्याला ते ऐकवते. तुम्ही विचारता, तुझं घर आता कुठलं? ज्या घरात मला देवाशी भांडता येतं, ते.