ओळख न देणारा लॅपटॉप

छापखान्यात सगळे काकांना ‘स्वल्पविराम’ म्हणत. बोलताना, चालताना, अगदी जिना चढतानासुद्धा ते मध्येच थांबत, मागचं नीट झालं ना याची खात्री करत आणि मगच पुढे जात. प्रुफं तपासण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतरही छापखाना त्यांना घरी काम पाठवी, आणि त्या कामावर त्यांचा जीव होता. हातात प्रुफं नसली की ते औषधाच्या बाटलीवरचा मजकूर तपासत बसत.

त्या दिवशी पक्ष्यांवरच्या पुस्तकाची शेवटची प्रुफं पाचपर्यंत पाठवायची होती. “या वेळी उशीर झाला, तर पुढची कामं दुसऱ्याकडे द्यावी लागतील,” असं व्यवस्थापकांनी अगदी गोड शब्दांत बजावलं होतं. दुरुस्त्या सगळ्या तयार होत्या, पण लॅपटॉपच्या पोटात. दुपारची भांडी घासून ते टेबलाशी बसले, उजवी तर्जनी ठसा ओळखणाऱ्या बटणावर टेकवली आणि लॅपटॉपने ओळखच दिली नाही. बोट पुसलं, बटण पुसलं, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. ढिम्म!

शेवटी पुतणीला स्पीकरवर फोन लावला. लॅपटॉप तिनेच लावून दिला होता.

“काका, पिन टाका ना.”

“आठवत नाही.”

“लिहून ठेवला असेल की कुठेतरी.”

“गुप्त आकडा कुणी लिहून ठेवतं का?”

आठवतील ते आकडे टाकून झाले होते. आता तर लॅपटॉप आकडाही घेईना.

“बोटाला काही झालंय का? कापलं, भाजलं?”

“बोट धडधाकट आहे. यंत्रच बिघडलंय.”

काकू आरामखुर्चीत बसून ऐकत होत्या. मनगट मोडल्यापासून त्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. “अहो, बघू ते धडधाकट बोट,” त्या म्हणाल्या आणि चष्मा पुढे ओढून पाहू लागल्या. “यावर एक रेघ शिल्लक असेल तर शपथ! महिनाभर तारेच्या घासणीने कढया घासताय. हलक्या हाताने घासा म्हटलं तर ऐकाल तर ना. डाग दिसला की प्रुफात चूक सापडल्यासारखे तुटून पडता.”

फोनमधून खुदकन हसू आलं. “काकू, बरोबर ओळखलंत. काका, थोडे दिवस घासणीला सुट्टी द्या, बोट आपोआप चालेल.”

“आणि आज पाच वाजता काय करू?” काकांनी घड्याळाकडे पाहिलं. हातातलं काम गेलं तर दिवसभर करायचं काय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर उमटला.

काकूंनी जरा चुळबुळ केली. “मी लावून बघू का बोट?”

“तुझं कसं चालेल? पोरीने नमुना म्हणून तुझं बोट नोंदवलं होतं, ते मी लगेच काढायला लावलं. लोकांचं काम असतं त्यात.”

फोनमधला पुतणीचा आवाज बारीक झाला. “काका... ते तेवढं राहूनच गेलं.”

काकांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने प्लॅस्टरकडे.

“तुम्ही आंघोळीला गेलात की पत्त्यांचा एखादा डाव मांडते,” काकू म्हणाल्या. “प्रुफांना नखही लावत नाही हो!”

रागवायला वेळ नव्हता. काकांनी लॅपटॉप उचलून काकूंच्या मांडीवर ठेवला आणि प्लॅस्टरबाहेर डोकावणारं बोट अलगद बटणावर टेकवलं. पहिल्याच स्पर्शाला दार उघडलं.

“बघा, आराम मिळाला की बोट कसं राहतं!” काकू म्हणाल्या.

प्रुफं वेळेत गेली. थोड्याच वेळात व्यवस्थापकांचं उत्तर आलं: मिळाली, पुढचं पुस्तक सोमवारी पाठवतो.

“काका, आता काकूंचं बोट काढून टाकायचं का?” पुतणीने विचारलं.

काका सवयीप्रमाणे थांबले. “राहू दे,” ते म्हणाले. मग स्वतःच शोधून काकूंचा पत्त्यांचा डाव उघडून दिला आणि सकाळची राहिलेली कढई घासायला उठले.

“अहो, हातमोजे!” काकू ओरडल्या.