गिदोनाची मडकी आणि अखाजी

टेम्पोतून मडकी उतरवली, भुसा झटकून शेडच्या कडेला उलटी मांडली, आणि तेजल येऊन म्हणाली की ती गिदोन होणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचं क्लोजिंग होतं. मी चिडले. सगळ्या वर्गात गिदोनाचा पार्ट तिचा एकटीचा पाठ होता. मी विचारलं, घाबरलीस का? तिने नाही अशी मान हलवली. मग म्हणाली, "माले नही फोडनी, ताई."

आधी आमचं काम सांगते. मी मिशनची सेविका आहे. धुळ्याला आमचं ऑफिस आहे. उन्हाळ्यात आम्ही गावोगावी व्हीबीएस घेतो, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा. सकाळी ऊन चढायच्या आत पोरं जमवायची. कृतिगीतं, एक गोष्ट, एक पाठांतराचं वचन, थोडी चित्रकला, सरबत. शेवटच्या दिवशी पालकांना बोलावून पोरं जे शिकली ते करून दाखवतात, ते क्लोजिंग. सगळ्याची आखणी किटमध्ये येते. गोष्ट कोणती, गाणं कोणतं, कुठल्या वाक्याला हात वर करायचा, हेसुद्धा. त्या वर्षीची गोष्ट गिदोनाची होती. मूठभर माणसं अंधारात मिद्यानी लोकांच्या प्रचंड सैन्याला घेरतात. प्रत्येकाच्या हातात घडा, घड्यात लपवलेली दिवटी. गिदोन इशारा करतो, सगळे शिंगं फुंकून घडे फोडतात, उजेड बाहेर पडतो आणि शत्रू पळत सुटतो. किटमध्ये दिवट्यांऐवजी सेलवर चालणारे दिवे होते. मडकी आपली आपण घ्यायची होती.

माझं घर धुळ्याचं. आमच्याकडे वर्तमानपत्र उशिरा आलं, धर्मप्रचाराच्या पत्रिका आधीपासून होत्या. बाबा एसटी स्टँडवर त्या वाटायचे, मी त्यांच्या पिशवीतून काढून वाचायचे. कोपरा दुमडलेल्या त्या चार पानांनी मला वाचायला शिकवलं आणि भांडायलाही. खरं असेल ते मोठ्या अक्षरात लिहावं, हे मी तिथून उचललं. म्हणून नरडाण्याहून आत असलेल्या या गावात आले तेव्हा ऑफिसशी पहिलं भांडण बॅनरवरून झालं. आमचे समन्वयक पगारे सर म्हणत होते, वातावरण बरं नाही, 'बाल संस्कार शिबिर' लिही. मी 'बायबल शाळा' लिहिलं, लांबून वाचता येईल असं. लपवून शिकवायचं असेल तर शिकवूच नये.

गावात शेड दिली नानांनी. कापूस ठेवायची पत्र्याची शेड, त्या दिवसांत रिकामी. बॅनर वाचून त्यांनी मला सरळ विचारलं होतं, पोरं बाटवशील का? मी म्हटलं, गोष्टी शिकवीन, बायबलच्याच शिकवीन, तुम्ही रोज येऊन बसा, पटलं नाही तर पोरं पाठवू नका. ते रोज येऊन बसले. तेजल त्यांची नात. आई हिवाळ्यात गेली होती तिची. पहिले काही दिवस ती वर्गात तोंड उघडत नव्हती. गिदोनाच्या गोष्टीला उघडलं. देव ज्याला बोलावतो तो गिदोन स्वतः घाबरून लपलेला असतो, हे तिला आवडलं असावं. तिने पार्ट मागून घेतला. तोवर तिने माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं.

आणि आता ती नको म्हणत होती.

मी खाली बसले. का नको, विचारलं. तिने मडक्यांकडे बोट केलं. "परवा अखाजी शे. औंदा मन्ही मायनी पहिली घागर शे."

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात हा सण दिवाळीच्या तोडीचा. लेकी माहेरी येतात, निंबांना झोके बांधतात, आणि घरोघरी पितरांसाठी नवी मातीची घागर पाण्याने भरून पुजतात. हे मला ऐकून माहीत होतं. झोक्यावर मीही बसले आहे. पण आमच्या घरी घागर भरत नाहीत. त्यामुळे सणाच्या तोंडावर पोरांच्या हातांत नवी मडकी देऊन ती फोडायला लावणं म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. पोरं अखाजीनंतर मामाच्या गावाला पांगतात म्हणून तारीख मीच अलीकडे ओढली होती. कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं.

शेडच्या दारात नाना उभे होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

"मसनमा जे फुटस," ते म्हणाले, "ते पोरेसना हातमा कसाले?"

ते पुढे म्हणाले की शेड दिली ती दिली, शब्द मागे घेणार नाहीत, कार्यक्रम खुशाल करा. तेजल मात्र येणार नाही. तिचा हात धरून ते घराकडे गेले. ती वळून मडक्यांकडे बघत होती.

मी पगारे सरांना फोन लावला. बसवेना, म्हणून शेडभोवती फेऱ्या मारत बोलत होते. पत्रा तापलेला, अंगाची लाही होत होती.

सर म्हणाले, "एक पोरगी नसेल तर दुसरी कर."

"सगळ्यांच्याच घरी घागर आहे सर."

"मग गोष्ट बदल."

मी सांगितलं की पोरांना दुसरी गोष्ट येत नाही, आणि हिला हीच हवी आहे. मडकी न फोडता, नुसती उचलून दिवे दाखवता येतील. मग ते शांतपणे म्हणाले, "शास्त्रात फोडली असं लिहिलंय. कृतिगीतातली ओळ मी बदलली म्हणून तू माझ्याशी महिनाभर बोलली नव्हतीस. आता तू बदलणार?"

वर्मी लागलं. त्यांचं खरं होतं. वचनाचा काना-मात्रा हलवायचा नाही यावर मी माणसं तोडली आहेत. आणि त्यांची अडचणही खोटी नव्हती. क्लोजिंगचा व्हिडिओ मदत देणाऱ्यांना जातो, त्यावर पुढच्या वर्षीची किटं येतात. फुटण्याच्या क्षणासाठीच ती गोष्ट निवडलेली होती.

फोन ठेवून मी खूप वेळ येरझाऱ्या घातल्या. फोडलं तर एका पोरीला तिच्या आईच्या सणाच्या आदल्या दिवशी घरी बसवायचं. न फोडलं तर वचनाशी खेळ. कुठूनही गेले तरी माझंच कुठलं तरी तत्त्व मोडत होतं. शेवटी पत्रिकेतलंच आठवलं. खरं असेल ते मोठ्या अक्षरात.

संध्याकाळी नानांच्या ओट्यावर गेले. म्हटलं, मडकी फुटणार नाहीत. पण गिदोनाने फोडली होती, हे मी सगळ्यांसमोर सांगणार. ते लपवणार नाही.

"तुमनं पुस्तक तुमनाजोडे," नाना म्हणाले. "सांग की. कोण अडवस?"

तेजल दाराआडून ऐकत होती. ती आत पळाली. नानांची बायको, अक्का, आतून म्हणाली की पोर सकाळपासून जेवली नव्हती, आता भाकर मागते आहे.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शेड भरली. माहेरी आलेल्या लेकीही आल्या होत्या. पोरांनी ओळीत बसून पुढ्यातल्या दिव्यांवर मडकी पालथी घातली तशी बायकांमध्ये चुळबुळ झाली. एका आत्याने आपला भाचा उचलून मांडीवर घेतला. मी उभी राहिले. म्हटलं, गोष्टीत पुढे मडकी फोडतात, तसंच लिहिलं आहे. आमच्या किटमध्येही फोडायला सांगितलं आहे. आज आम्ही फोडणार नाही, कारण उद्या तुमच्या घरी घागर आहे आणि तारीख धरताना मी तुम्हाला विचारलं नाही. चूक गिदोनाची नाही, माझी आहे.

कुणीतरी मागून म्हणालं, "ऱ्हाऊ दे वो ताई, सुरू करा." हशा पिकला. आत्याने भाच्याला खाली सोडलं.

लाइट बंद केले. तेजल पुढे आली. आधीपासून पाठ असलेला पार्ट तिने घाई न करता म्हटला. मग तिने इशारा केला, पोरांनी पिपाण्या फुंकल्या आणि मडकी डोक्यावर उचलली. जमिनीवर दिव्यांची ओळ उजळली. पोरं ओरडली, मिद्यानी पळाले, एक मिद्यानी बैलाच्या दावणीला अडखळून खरंच पडला. तेजलने मात्र मडकं खाली ठेवलं नाही. वचन म्हणून होईपर्यंत ते पोटाशी धरून उभी होती.

व्हिडिओ सरांनी पाहिला आणि वापरला नाही. ऑफिसात बोलावून घेतलं. मी जे शेडमध्ये सांगितलं तेच तिथे सांगितलं. पुढच्या वर्षी हे गाव माझ्याकडे राहिलं, क्लोजिंग बसवण्याचं काम राहिलं नाही.

एक गोष्ट मी सरांना आपणहून सांगितली, कारण लपवायची नाही हे ठरलेलं. पोरांना मडकी घरी नेऊ दिली होती. अखाजीला नानांनी जेवायला बोलावलं. आत भरलेली मोठी घागर होती, आणि तिच्यावर गिदोनाचं मडकं, त्याच्यावर खरबूज. मिशनच्या टेम्पोतून आलेलं मडकं पितरांच्या पूजेत बसलं होतं. मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. नानांना मी तसं म्हणाले, आणि नैवेद्यातलं खाणार नाही हेही म्हणाले. नाना म्हणाले, "माले तुन्हं पटस का बठ्ठं?" माझंही सगळं त्यांना कुठे पटत होतं. अक्काने चुलीवरून वेगळी सांजोरी आणली. तेजल माझ्या शेजारी बसून आमरस ओरपत होती, आणि मधूनच घागरीकडे बघून पाठ केलेलं वचन पुटपुटत होती. तिला थांबवायला नाना गेले नाहीत, मीही नाही.

आता किट आलं की ते उघडण्याआधी मी गावात जाते आणि एखाद्या अक्काला विचारते, या महिन्यात तुमच्याकडे काय काय आहे. बहुतेक वेळा ती आधी चहा ठेवते. दिवस मोडतो, पण तारीख चुकत नाही.